मग त्यांना हरवलं कोणी?

अण्णा,

परवा शनिवारी माझ्या कॉलेजची फुटबॉलची मॅच आम्ही हरलो. शेवटपर्यंत पुढे होतो आणि मग नेहमीसारखं हातातलं घालवलं. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली मॅच. मी माझा हिरवा स्वेटशर्ट घालून सोफ्यावर बसले होते. वेळ संपली आणि मी सवयीने मान खाली घालून वाट बघत राहिले. तुमच्या खुर्चीतून काही आलं नाही. "हरले ना सूनबाई तुमचे लोक!" हे वाक्य इतकी वर्षं दर शनिवारी ऐकलं की ते आलं नाही तेव्हा मला आधी बरं वाटलं. मग राग आला. तो अजून गेलेला नाही.

येत्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी लोक जमणार आहेत. मंदार म्हणाला, "तू पण दोन शब्द बोल ना." तुमचा मुलगा आहे तो, त्याचं दोन शब्दांत भागतं. माझं भागणार नाही. म्हणून आधी तुमच्याशीच बोलून घेते. तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही, ही सोय मला पहिल्यांदाच मिळते आहे.

लोक काय बोलतील ते मला माहीत आहे. नागपुरातल्या शाळेतले पीटीचे सर, कबड्डीचे नावाजलेले पंच, शिस्तीचे, शब्दाचे पक्के. सगळं खरं आहे. फक्त त्यांच्यापैकी कोणाच्याही स्वयंपाकघरात तुम्ही राहायला नव्हता.

सासूबाई गेल्या आणि मंदार तुम्हाला इकडे अमेरिकेत, अल्फारेटाला घेऊन आला, तेव्हा मला काळजी होती की तुमचा वेळ कसा जाईल. किती भोळी होते मी! तो पहिला शनिवार आठवतो? माझ्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची मॅच होती आणि मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते. तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. "घरातली बाई असं ओरडते?" मी म्हटलं, "अण्णा, माझं कॉलेज आहे. इथेच एमएस केलं मी." तुम्ही म्हणालात, "शिकायला गेली होती की बोंबलायला?"

पण पेपर पुन्हा उचलला नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणालात, "ही तर कबड्डी आहे. मधे रेषा, समोरासमोर माणसं, एकाने घुसायचं, बाकीच्यांनी पकडायचं. फक्त दम घुमवत नाहीत." इथे येऊन मला इतकी वर्षं झाली होती, इतक्या लोकांना हा खेळ समजावून मी दमले होते, आणि तुम्ही बसल्या जागी तो ओळखलात. त्या वाक्यावर मला तुम्ही आवडला होता. सांगून ठेवते, कारण पुढे असं फारसं होणार नाही.

दोन-तीन महिन्यांत तुम्ही सगळा खेळ शिकलात. कशासाठी? तर मला हरवायला. माझ्या कॉलेजच्या विरुद्ध जो कोणी खेळेल तो तुमचा संघ. आणि त्याहून तुमचे म्हणजे मैदानावरचे पंच. त्यांनी आमची चूक धरून पिवळं फडकं टाकलं की तुम्ही खूश. त्यांच्या खुणा तुम्ही उचलल्यात आणि घरात वापरायला लागलात. मी दुधीची भाजी वाढायला आले की दोन्ही हात कमरेशी आडवे झाडायचे, म्हणजे बॉल पकडला नाही, चाल फुकट. शेजारची मराठी मंडळी हसायची, "अण्णा किती क्यूट आहेत ना!" भाजी मी केलेली असायची. त्यांना हसायला काय जातं?

मग मंदारने तुम्हाला टॅब्लेट आणून दिला आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. त्यात तुम्हाला आमच्या कॉलेजचं पार पहिल्या मॅचपासूनचं रेकॉर्ड सापडलं. किती जिंकल्या, किती हरल्या, आणि जुन्या काळातल्या थोड्या बरोबरीत सुटलेल्या. आमचं कॉलेज जिंकण्यासाठी प्रसिद्ध नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण तुम्ही अक्षर मोठं करून ते घोकलंत. आकडे इथे लिहीत नाही. तुम्हाला पाठ होते आणि तुमच्यामुळे मलाही झाले. सोमवारी सकाळी माझी मीटिंग सुरू व्हायच्या आधी मी चहा घेऊन यायचे, आणि तुम्ही कुठल्या तरी जुन्यापुराण्या वर्षाचा दारुण पराभव काढायचात. "त्या वर्षी तर एकही नाही जिंकले सूनबाई! एकही!" चेहऱ्यावर असा आनंद, की नातवंड झालं असतं तरी एवढा झाला नसता.

हेही मी सहन केलं असतं. पण एक दिवस तुम्हाला ती चांदणी दिसली.

एका वर्षापुढे छोटी चांदणी आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरं. माझं एमएसचं पहिलं वर्ष होतं ते. त्या वर्षी आम्ही जिंकत सुटलो होतो, आमच्याच डोळ्यांवर आमचा विश्वास बसत नव्हता. पुढे चौकशी झाली. एका खेळाडूचे परीक्षेचे मार्क खोटे निघाले, म्हणजे तो मैदानात उतरायलाच पात्र नव्हता. म्हणून त्या वर्षीचे आमचे सगळे विजय कॉलेजांच्या खेळावर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या संस्थेने रद्द केले. रेकॉर्डमधून पुसले. पराभव मात्र तसेच ठेवले.

तुम्ही मला हाक मारलीत तीच गोड आवाजात. तेव्हाच मला कळायला हवं होतं. "सूनबाई, तुमचं ते गाजलेलं वर्ष, ज्याचं तू कौतुक सांगून राहिली असते... इथे तर ते नाहीच ना!"

मी म्हटलं, "अण्णा, मी तिथे होते."

"असशील. पण कागदावर नाही."

त्या दिवशी मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. मी नाशिकहून आले, तेव्हा मला इथे कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. खोलीतल्या मुली आपापल्या नादात, प्रयोगशाळेत कोणी माझं नाव धड उच्चारायचं नाही. कोणीतरी फुकट तिकीट दिलं म्हणून मी स्टेडियममध्ये गेले. अंगात नाशिकचं सुती जाकीट, धड कोटही नव्हता. थंडीने दात वाजत होते. आणि शेवटच्या चालीला आम्ही जिंकलो, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने मला घट्ट मिठी मारली. या देशात मला कोणी जवळ घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यानंतर मी त्या वर्षीची घरच्या मैदानावरची एकही मॅच सोडली नाही. ते वर्ष नसतं तर मी पहिल्या सुट्टीतच बॅग भरून परत गेले असते. हे मी मंदारलाही कधी इतकं सांगितलं नव्हतं.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "पंचांचा निर्णय अंतिम असतो."

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. मी म्हटलं, "बरं, आमचा विजय पुसला. मग समोरच्यांच्या रेकॉर्डमध्ये बघा. त्यांच्या नावावर तो पराभव अजून आहे. त्यांना विजय दिलेला नाही. ते हरले, हे सगळ्यांना मान्य. मग त्यांना हरवलं कोणी? भुतानं?"

तुम्ही टॅब्लेटवर बोट फिरवत बघितलंत. होता पराभव. मग तुम्ही तुमचा तो जुना किस्सा काढलात. वजनी गटाचा अंतिम सामना, जिंकलेल्या संघातला एक मुलगा वजनात बसत नव्हता हे मागाहून कळलं, आणि तुम्ही चषक परत घेतलात. त्या संघाचा शिक्षक तुमचा जिवलग मित्र होता, तो पुढे तुमच्याशी बोलला नाही. "तरी मला वाईट नाही वाटलं," असं तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगितलंत. मी विचारलं, "आणि बाकीची मुलं? त्यांनी चढाया केल्या, पकडी केल्या, गुडघे फोडून घेतले. ते खेळलेच नाहीत का?"

तुम्ही टीव्ही बंद केलात आणि आंघोळीला गेलात. वाद तिथे थांबला असं तुम्हाला वाटलं असेल. मला नाही वाटलं.

तुमची किडनी गेली तेव्हा मी घरून काम करत होते, म्हणून डायलिसिसला न्यायचं माझ्याकडे आलं. एक दिवसाआड. मंदारला ऑफिसला जावंच लागायचं, ते मान्य. मी गाडीत बसून मीटिंगा घेतल्या, सेंटरच्या पार्किंगमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन. मीठ नाही, टोमॅटो नाही, केळं नाही, पाणी मोजून. असल्या जेवणाला चव आणायची तर माणसाने काय करावं? मी मिरी, लिंबू, लसूण, सगळं करून बघितलं. तुम्ही ताटाकडे बघून विचारायचात, "तर्री कुठे आहे?" आणि हात आडवे झाडायचात.

मग तो रविवार. शुभाताईंचा नागपूरहून फोन आला होता. तुमची लेक, माझी नणंद, दर रविवारी फोन करायची, त्यात वाईट काही नाही. मी तुमच्या गोळ्यांची डबी भरत शेजारीच उभी होते. आणि तुम्ही म्हणालात, "मंदार सगळं करून राहिला ना! इतका मोठा साहेब आहे, पण बापासाठी वेळ काढतो. मुलगा असावा तर असा." तिकडून ताईंचं रडं ऐकू आलं. "दादा देवमाणूस आहे."

मी डबी टेबलावर आपटली. फोन ठेवल्यावर विचारलं, "अण्णा, मंदार कधी करतो हो?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "घर त्याचं आहे ना."

"आणि तुम्हाला सेंटरला नेतं कोण? जेवण कोण करतं? भूत?"

तुम्हाला कळलं. मला दिसलं ते, तुमची मिशी हलली. "पुन्हा तीच जुनी मॅच काढून राहिली!" म्हणालात आणि हसलात. दारात मंदार उभा होता. तो म्हणाला, "जाऊ दे ना यार, म्हातारा माणूस आहे." तुम्ही दोघं बापलेक शोभता एकमेकांना.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. दर रविवारी माझ्यासमोर माझं केलेलं पुसून मंदारच्या नावावर लावलंत. मी ओरडले नाही, कारण ओरडले असते तर "आजारी माणसावर ओरडते" हे मात्र न चुकता माझ्याच नावावर लागलं असतं.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची नव्हती, पण नाही सांगितली तर मी तुमच्यासारखीच होईन. माझे बाबा नाशिकला गेले, तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कागदांत अडकला होता. मी जाऊ शकले नाही. मोबाइलवर बाबांचा चेहरा बघितला आणि खोलीत जाऊन पडले. तो शनिवार होता. दुपारी तुम्ही टीव्ही इतका मोठा लावलात की भिंत हलायला लागली, आणि तिथूनच ओरडायला लागलात. "सूनबाई! हे फडकं का टाकलं? सूनबाई! आता बॉल कोणाचा?" शेवटी मी वैतागून बाहेर आले. तुम्ही एकामागून एक बावळट प्रश्न विचारत राहिलात, आणि मी रडत रडत उत्तरं देत राहिले. मधेच माझ्या लक्षात आलं की यातला प्रत्येक नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. तरी तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात. मी उत्तर दिलं. त्या दिवशी आम्ही हरलो आणि तुम्ही ते वाक्य म्हणाला नाहीत. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण तुम्ही सोमवारी सकाळी लगेच आमचा आणखी एक ऐतिहासिक पराभव घेऊन बसलात. मग सांगणार कधी?

डायलिसिस बंद करायचं तुम्हीच ठरवलंत, आणि तेही पंचाच्या सुरात. आता बस, वेळ संपली. हॉलमध्ये टीव्हीसमोर पलंग लावला. डोरीन यायला लागली, घरी येऊन शेवटची सेवा करणारी ती बाई, जाडजूड, हसरी, आणि आमच्या कट्टर वैरी कॉलेजची. तुमचं तिच्याशी जमणारच होतं. ती रोज सकाळी तुम्हाला पुसून घ्यायची, कूस बदलायची, आणि मी त्या वेळेत कामाचे फोन उरकायचे. शेवटच्या आठवड्यात तिने मला सांगितलं की आजोबांचं डोकं आता जागेवर नाही, गोंधळतात, त्यांचं बोलणं फार मनावर घेऊ नका. मी मान हलवली. मंदारला सांगितलं. ताईंना मंदारने कळवलं.

तुम्ही गेलात. शुभाताई व्हिडिओवर रडत म्हणाल्या, "दादाने बापाचं सोनं केलं." मी मागे उभी राहून पाहुण्यांना चहा देत होते.

आणि काल डोरीन आली. पलंग न्यायला माणसं यायची होती, म्हणून नाही, तिची सुट्टी होती, मुद्दाम आली. घरी केलेला केक घेऊन. दारातच माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "हनी, थंडीत बिनकोटाची बसलेली ती तूच ना?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. माणूस शुद्धीवर आहे का हे बघायला त्यांना रोज काहीतरी विचारावं लागतं, आज वार कोणता, आपण कुठे आहोत. तुमच्या बाबतीत ती विचारायची, "मिस्टर अण्णा, सूनबाईच्या कॉलेजचं रेकॉर्ड काय?" तुम्ही लगेच सांगायचात. ती फोनवर ताडून बघायची. हरलेल्या बरोबर, बरोबरीतल्या बरोबर, जिंकलेल्या दर वेळी जास्त. रोज तेवढ्याच जास्त. म्हणून तिने तुम्हाला गोंधळलेले ठरवलं. एक दिवस तिने चूक दाखवली, "ते विजय काढून टाकलेत मिस्टर अण्णा." तर तुम्ही उशीवरून डोकं उचलून तिच्यावर डाफरलात. डोरीनने तुमचा आवाज काढून दाखवला, अगदी हुबेहूब, शाळेच्या मैदानावरचा.

"माय डॉटर-इन-लॉ वॉज देअर. नो कोट. शी सॉ. यू काउंट!"

आणि मग म्हणे तिला विचारलंत, तुमच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत, की मला इथे गाडीतून घेऊन फिरली ती कोण, माहीत आहे का? तीच. तेही काउंट.

डोरीनला वाटलं मी रडेन. रडलेच. पण दुःखाने नाही अण्णा, संतापाने. तिच्यासमोर? त्या वैऱ्याच्या कॉलेजवालीसमोर? मी भिंतीच्या पलीकडे होते. कानाला लावलेला फोन मी तुमच्यासाठी कधीही खाली ठेवला असता. एवढं एक वाक्य बोलायला तुम्हाला इंग्रजी लागलं? जन्मभर वर्गात आणि मैदानात मराठीत ओरडलात, मला टोमणे मारताना मराठी कमी पडली नाही, ताईंशी खोटं बोलताना पडली नाही, आणि हे बोलायची वेळ आली तेव्हा एकदम परकी भाषा आठवली?

तुम्हीच सांगायचात की पंचाच्या समोर झालं नाही त्याचा गुण नाही. खेळाडू कितीही शपथा घेवो. मग हे माझ्यासमोर झालेलं नाही. तुमच्याच नियमाने मी तुम्हाला याचा गुण देत नाही. भांडायचं असेल तर या, खुर्ची अजून तिथेच आहे, मी मंदारला हलवू दिलेली नाही.

रविवारी मी बोलणार आहे. आत्ताच मंदारला सांगितलं, तो जरा घाबरला. शुभाताई नागपूरहून पडद्यावर असतील, आणि त्यांनी "दादाने सगळं केलं" हे पुन्हा सुरू केलं, की मी उठून माइक हातात घेईन आणि तुमचं ते वाक्य सगळ्यांसमोर म्हणून दाखवीन. इंग्रजीतच म्हणेन. मराठीत ते तुम्ही माझ्यासाठी ठेवून गेला नाहीत.